खर्चाचा रकाना

"हे वर्ष बघा!" सल्लागारानं पडद्यावरच्या आलेखातल्या खड्ड्यात लेझरचा लाल ठिपका नाचवला. "तुमच्या वीजकेंद्राचा कार्बन एकदम निम्म्यावर! दरवर्षी हेच करा, नेट झिरो स्वस्तात पदरात पडेल. काय केलं होतं तेव्हा?"

मुख्य अभियंता साहेबांनी काजूचं बिस्कीट चहात बुडवलं. "शिस्त लावली होती हो जरा."

कोपऱ्यात टिपणं घेणाऱ्या खोडेबाईंना ते वर्ष पाठ होतं. वीस वर्षं त्या इथल्या प्रयोगशाळेत कोळसा तपासत होत्या. त्या वर्षी बॉयलर फुटला होता. दुरुस्ती पुढं ढकलण्याच्या कागदावर सही याच साहेबांची होती. तीन फिटर भाजून मेले, वीजनिर्मितीचा संच सात महिने बंद राहिला. मग धूर निघणार कुठून?

"लिहा बाई," साहेब बिस्कीट चघळत म्हणाले. "अहवालात उपायाच्या रकान्यात 'शिस्त' टाका. खर्चाचा कोरा ठेवा. फुकटातला उपाय म्हटलं की वरचे खूश."

बाईंनी 'शिस्त' लिहिलं, अगदी वळणदार अक्षरात. पण खर्चाचा रकाना काही त्यांच्यानं कोरा सोडवेना. तिथं त्यांनी 'तीन' लिहिलं आणि कागद सल्लागारापुढं सरकवला.

"तीन काय, बाई?" त्यानं चष्मा सारखा करत विचारलं. "लाख की कोटी?"

"फिटर," बाई म्हणाल्या.