पांढऱ्या बशीवरचे ठिपके

सुनेचा अंगठा कुकरच्या वाफेनं पोळला, त्यात सासूबाईंचा फायदा होता हे नाकारून चालणार नाही. त्यांना वाईट वाटलं, त्यांनी मलम लावलं, पट्टी बांधली, सगळं खरं. पण या घरात सासूबाईंच्या फडक्याला मज्जाव असलेली एकच खोली होती, सुनेच्या फोटोच्या कामाची, आणि आज त्याच खोलीच्या दारात उभी राहून सून आपण होऊन म्हणत होती, "आई, जरा आत येता?"

सासूबाई फडकं कमरेला खोचूनच निघाल्या.

"ते बाहेर."

फडकं बाहेर राहिलं.

आत टेबलावर पांढऱ्याशुभ्र बशा मांडून ठेवल्या होत्या. चिनी मातीची भांडी बनवणाऱ्या कारखान्याला विक्रीसाठी फोटो हवे होते. पहिले फोटो मालकानं परत पाठवले, कारण प्रत्येक बशीवर काळपट ठिपके दिसत होते, जणू मालच डागी. आज संध्याकाळपर्यंत चांगले फोटो गेले नाहीत, तर काम दुसऱ्याला जाणार होतं.

सुनेनं कॉम्प्युटरच्या पडद्यावर ते ठिपके दाखवले.

"नीट धुतल्या नसशील," सासूबाई म्हणाल्या.

"बशा स्वच्छ आहेत, आई. धूळ कॅमेऱ्याच्या पोटात आहे."

तिनं लेन्स काढली. आत टपालाच्या तिकिटाएवढी चकचकीत काच होती. फोटो तिथेच उमटत होता, आणि त्या काचेवर बसलेला कण प्रत्येक फोटोत हजेरी लावत होता. सुनेनं डाव्या हातानं रबरी फुगा दाबून दाबून हवा मारून पाहिली होती. सुटी धूळ पडली, चिकटलेली राहिली. आता बारीकशा चपट्या पट्टीवर थेंबभर औषध घेऊन काच पुसायची होती, आणि मलम लावून बांधलेल्या उजव्या अंगठ्यानं ते जमणारं नव्हतं.

"या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकदाच. मागे यायचं नाही."

"एकदा पुसून कधी काही स्वच्छ झालंय?"

"मागे आलात की निघालेली धूळ परत तिथेच बसते. आणि दाबायचं नाही. ओरखडा पडला तर कॅमेरा गेला."

"भांडी नाही घासत मी, कळतं मला."

सासूबाई चष्मा सावरून वाकल्या. काच खरोखरच छान होती. तिच्या कडेला एक तंतू दिसला मात्र, आणि जन्माची सवय आडवी आली. ओठांचा चंबू झाला. फुंकर सुटणार, तोच सुनेचा तळवा सटकन त्यांच्या तोंडावर बसला.

दोघी थिजल्या.

सासूबाईंचं तोंड बंद करायची हिंमत या घरात आजवर कोणाला झाली नव्हती. सुनेचा चेहरा असा पांढराफटक पडला की बशांच्या रांगेत खपून गेला असता.

"थुंकी उडते, आई," ती पुटपुटली. "काचेवर सुकली की निघता निघत नाही."

तळव्यामागून खुदकन आवाज आला.

"हात काढ आता," सासूबाई हसत म्हणाल्या, "नाहीतर मीच सुकेन. कुठून सुरू करू?"

त्यांनी श्वास रोखला आणि पट्टी या टोकाहून त्या टोकाला नेली. मनगट शेवटी थांबलं, पण मन थांबेना.

"अजून एक हात? हळूच?"

"नाही."

"कोपऱ्यात तर..."

"आई."

सासूबाईंनी पट्टी खाली ठेवली. पोटच्या पोराला वसतिगृहात सोडतानाही त्यांना इतकं जड गेलं नसावं.

सुनेनं लेन्स बसवून बशीचा फोटो काढला आणि पडद्यावर मोठा केला. ठिपके गेले होते. म्हणजे, एक सोडून सगळे. काठाजवळ काळपट टिंब तसंच होतं. सुनेचे खांदे पडले. "राहिलाच."

सासूबाईंनी बशी उचलली, काठावरून नख फिरवलं आणि एका जागी थांबल्या.

"कॅमेऱ्याला कशाला बोल लावतेस? बशीचाच टवका उडालाय. कळव त्या मालकाला, दुसरी पाठव म्हणावं. यात आपला काही दोष नाही."

सुनेनं बशी हातात घेऊन टवक्यावरून बोट फिरवलं. मग तिनं स्टूल पुढे सरकवलं.

"बसा ना. अजून ढीगभर आहेत. प्रत्येक बशी आधी तुमच्या नखाखालून जाऊ दे. फक्त बाहेरचा पंखा बंद करावा लागेल, वाऱ्यानं धूळ आत येते."

बाहेरच्या खोलीत सासरे दुपारची झोप काढत होते. पंखा थांबला तसे ते उठून बसले.

"लाइट गेली का?"

"नाही. आम्ही काम करतोय. धूळ उडते," सासूबाई आतून म्हणाल्या.

त्यांनी मुकाट्यानं वर्तमानपत्राची घडी करून वारा घ्यायला सुरुवात केली.

"अहो, तेही नको!"

तेव्हा हिशेब असा लागला. सुनेचं काम वाचायच्या मार्गाला लागलं, सासूबाईंना खोलीत स्टूल मिळालं, आणि दोघींच्या वाटची किंमत सासरे चुकवत होते, बनियन पिळून काढता येईल इतक्या घामानं.