पाणी बदलायचं नाही

उजव्या पायावर दोन, मानेवर एक, गालावर एक आणि डाव्या हातावर तीन. निशाने दुपट्यावर पडलेल्या लेकीला, पूर्वीला, अलगद कुशीवर वळवून पाठही पाहिली. पाठ कोरी होती. डासाच्या कालच्या प्रत्येक चाव्याशेजारी तिने काजळाचा बारीक ठिपका दिला होता. ज्यांच्याजवळ ठिपका नव्हता ते आजचे. सात.

“दृष्ट लागू नये म्हणून लेकराला एक तीट लावतेत,” वैजयंता दारातून म्हणाल्या. “तू तर रांगोळीच काढलीस.”

“मोजताना गोंधळ नको, आत्या.” सासूला ती आत्या म्हणायची.

मोजणं हे निशाचं कामच होतं. बाळंतपणाच्या रजेआधी केबिन रोडवरच्या लॅबमध्ये ती लोकांच्या प्लेटलेट मोजायची. आकडा कितीवर आला की घरच्यांचे चेहरे कसे होतात, हे तिला पाठ होतं. पहिल्या मजल्यावरची स्वाती चार दिवसांपासून डेंग्यूने हॉस्पिटलात होती. तिच्या नवऱ्याने रिपोर्टचा फोटो पाठवून ‘घाबरायचं नाही ना, ताई?’ असं विचारलं होतं. निशाने उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. त्या दिवसापासून ती पूर्वीच्या अंगावरचे चावे मोजत होती.

दोन महिन्यांच्या बाळाजवळ कॉइल नको आणि मशीनही नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून घरगुती इलाज चालले होते, पण निशाच्या अटीवर: एका दिवशी एकच. सोमवारी नवऱ्याने, जीवनने, लिंबाच्या फोडींत लवंगा खोचून पाळण्याभोवती मांडल्या. पाच चावे. मंगळवारी वैजयंतांनी हॉलमध्ये कडुनिंबाचा पाला धुमसवला. चार चावे, शिवाय शेजाऱ्यांच्या दोन तक्रारी. बुधवारी लसणाचं पाणी उकळून खिडक्यांवर शिंपडलं, तर जीवन ऑफिसातून आला तोच ‘आज चटणी का?’ विचारत. सहा चावे.

काल तिने कुठलाच इलाज केला नाही. खिडकीच्या जाळीची भोकं टेपने बुजवली, दिवसभर खोलीचं दार लावून घेतलं, फटीत ओला टॉवेल कोंबला. आणि आज सात.

“ते बाहेरून येत नाहीयेत,” निशा म्हणाली.

“मग काय भिंतीतून निघायलेत?”

निशाने पाळण्याखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं. पडदा झटकला तसा एक डास उडाला. काळा, पायांवर पांढरे पट्टे. वैजयंतांनी टाळी वाजवायला हात उचलले.

“मारू नका, आत्या. कुठे बसतो बघू दे.”

डास पंख्याच्या उंचीपर्यंत गेला, वळला, खाली आला आणि खिडकीतल्या स्टीलच्या तांब्यावर बसला. तांब्यात गवती चहाची जुडी होती.

ही जुडी म्हणजे वैजयंतांचा मोठा इलाज. तो मोजणीत धरलाच नव्हता, कारण तो कायमचाच होता. महिन्यापूर्वी जुन्या नवघर गावातल्या लीलाधरकाकांच्या परसातून त्यांनी गवती चहा मुळासकट उपटून आणला होता. वासाने डास फिरकत नाही म्हणून पाळण्याशेजारीच ठेवला. आठवड्याभरात त्याला नवी पांढरी मुळं फुटली, तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं. परभणीची माती नसली तरी त्यांच्या हाताला यश होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या जुडी उचलून मुळं दाखवायच्या, एखाद्याला छोटी जुडीही द्यायच्या आणि मोडक्या हिंदीत बजावायच्या, “पानी बदलने का नहीं. जड दुखती. ऊपर से डालने का, बस.” मग बघणारा मुळंच बघायचा.

निशाने जुडी उचलली आणि मोबाइलचा टॉर्च तांब्यात धरला.

उजेड पडताच पाणी हललं. स्वल्पविरामाएवढे काळे जीव अंग झटकत तळाकडे निघाले, मग एकेक करून पुन्हा वर आले आणि पृष्ठभागाला उलटे लटकून राहिले. सवयीने तिने मोजायला सुरुवात केली. तीसला थांबली.

पाणी गुपचूप ओतून द्यावं, जुडी सडली म्हणावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण वैजयंता चष्मा लावून मागे येऊन उभ्याच होत्या.

“काय बघायलीस? मुळं वाढली?”

निशाने मोबाइल त्यांच्या हातात दिला.

वैजयंता वाकल्या. चष्मा नाकावर सारून आणखी वाकल्या.

“हलायलेत की गं.”

“हो.”

“रोज माझ्या हातानं पाणी घालायले मी.”

“तुम्हाला काय माहीत, आत्या? इतके दिवस मलाही दिसलं नाही.”

त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांचा अंगठा बोटांवरून फिरत होता. “समोरच्या बेनला दिली. तिसऱ्यावर हितेशच्या आईला. दुसऱ्यावर सुभाषच्या घरी…” अंगठा करंगळीवर आला आणि तिथेच थांबला. चौथं नाव त्यांनी घेतलं नाही.

मोबाइल पाळण्यात ठेवून त्या निघाल्या. चपला दारातच राहिल्या.

पूर्वीला खांद्यावर घेऊन निशा जिन्याच्या तोंडाशी आली. समोरची बेल वाजली. “भाभी, वो घास दिया ना मैंने, उसका पानी फेंको. अभी फेंको. मेरी गलती है.” मग खालच्या मजल्यावरची बेल, तेच शब्द. मग त्याच्याखालची, तेच शब्द, आता अस्पष्ट.

मग पहिल्या मजल्यावर स्वातीची बेल वाजली. तिच्यामागून शब्द आले नाहीत. ती पुन्हा वाजली. थोड्या वेळाने पुन्हा.