कोरा रकाना

परीक्षकांनी नोंदवहीचं पान उलटलं, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि विचारलं, "हा रकाना सगळा कोरा कसा?"

संस्थेच्या प्रमुख बाई वहीवर वाकल्या. आठवडाभर त्यांनी संस्थेचं तोंड पाहिलं नव्हतं. संस्था चालवण्याच्या प्रमाणपत्राची शेवटची परीक्षाच तशी होती: प्रमुखाने सात दिवस घरी बसायचं, फोनसुद्धा करायचा नाही, आणि मागे काम कसं चाललं ते परीक्षकांनी येऊन तपासायचं. विश्वस्तांनी स्वच्छ सांगितलं होतं, प्रमाणपत्र मिळालं तर खुर्ची तुमची, नाहीतर शिकलेला माणूस बाहेरून आणू. एकोणीस वर्षं रुग्णांना कुबड्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या वापरायला देणाऱ्या बाई चौपन्नाव्या वर्षी वही-पेन घेऊन वर्गात बसल्या, त्या यासाठी.

त्या सात दिवसांत त्यांनी घरी काय केलं म्हणाल, तर घासलेली भांडी पुन्हा घासली. नवऱ्याने त्यांचा फोन कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली होती. धाकटी जाऊ शेवटी म्हणाली, "ताई, त्या पातेल्याला तरी एक दिवस सुट्टी द्या हो."

रकान्याचं नाव होतं, 'साहित्य परत करण्याचे कारण'. बरे झाले, निधन, इतर. वर्गातल्या गृहपाठात बाईंनीच तो आखला होता आणि पैकीच्या पैकी गुण घेतले होते. आता वहीत तेरा नोंदी होत्या. तारीख, वस्तूचा क्रमांक, सही, सगळं मोत्याच्या दाण्यांसारखं. तो एक रकाना तेवढा पुसल्या पाटीसारखा.

नोंदवही सांभाळणारी समोर उभी होती. तिशीतली, कमी बोलणारी. सावकाश चालते म्हणून संस्थेच्या गाडीवाल्याने तिचं नाव गोगलगाय ठेवलं होतं. बाईंना वाटलं, गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते हेच. बुडवलं हिने.

पण खरं सांगायचं तर त्याच क्षणी त्यांच्या छातीवरचं ओझंही उतरलं. जाण्याआधी त्यांनी चाळीस पानं सूचना लिहिल्या होत्या, किल्ल्यांपासून चाकांच्या तेलापर्यंत. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना त्यांच्या ध्यानात आलं, की एक गोष्ट लिहायची राहिलीच. वस्तू परत आणणाऱ्याला आपण कधीच कारण विचारत नाही. बसायला देतो, पाणी देतो आणि गप्प राहतो. आता तो छापील रकाना बघून ही गोगलगाय एखाद्या नुकतं माणूस गमावलेल्याला विचारणार, "कारण काय लिहू?" त्या विचाराने त्यांना पाच रात्री धड झोप नव्हती.

"विसरलात का?" परीक्षकांनी विचारलं.

"नाही. विचारलंच नाही," गोगलगाय म्हणाली. "ज्यांना सांगायचं असतं ते आपणहून सांगतात. ते मागच्या पानावर लिहिलंय."

परीक्षकांनी मागचं पान काढलं. तेरापैकी नऊ जणांनी सांगितलं होतं.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं? या चाळीस पानांत तर कुठे नाही."

"तीन वर्षांपूर्वी मी बाबांचा वॉकर परत करायला आले होते. सतरा नंबर. बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समोर बसून राहिल्या. एक शब्द विचारला नाही. मी पोटभर रडले आणि घरी गेले. पुढे इथे जागा निघाली, तेव्हा अर्ज केला."

बाईंना सतरा नंबर लख्ख आठवला. डाव्या मुठीला लाल लोकर गुंडाळलेली होती. मुलगी मात्र काही केल्या आठवेना, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

"अगं, मग मला कधी बोलली नाहीस ते?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

बाई हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "फार उपकार झाले गं तुझे."

"माझे कसले, बाई? तुमचंच होतं. परत केलं."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला, जरा जास्तच वेळ पुसला. मग कागदावर लिहिलं, 'प्रमुखाच्या गैरहजेरीत काम उत्तम. उत्तीर्ण.' सही केली आणि म्हणाले, "पुढच्या छपाईत हा रकाना काढून टाका. त्याला पैकीच्या पैकी मीच दिले होते. चुकलंच माझं."

तेवढ्यात दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. काखेत कुबड्यांची जोडी, चेहरा घामाने डबडबलेला, तोंडातून शब्द नाही.

गोगलगाय हलायच्या आत परीक्षक उठले. आपली खुर्ची त्यांनी गृहस्थांकडे सरकवली, बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून पुढे केलं आणि भिंतीपाशी जाऊन गप्प उभे राहिले.

गृहस्थांनी पाणी संपवलं. पेला टेबलावर ठेवला. डोक्यावर पंखा कुरकुरत होता. बाईंनी मनाची तयारी केली.

"स्टॉपपासून धावत आलो, दम लागला," ते म्हणाले. "आज सकाळी आई चालली. तिच्या पायांनी, दारापर्यंत. मी आपला बघतच राहिलो, तर मलाच ओरडली. म्हणाली, उभा काय राहिलास? आधी कुबड्या देऊन ये. कुणीतरी वाट बघत असेल."