जांभळी साडी, पिशवीत पडवळ

चार वाजता वसुधाने शुक्रवारची गोष्ट साइटवर चढवली आणि नखं खायला सुरुवात केली. शेजारी यामिनी लॅपटॉप उघडून बसली होती. साइट तिनेच बांधून दिली होती आणि आजचा सापळाही तिचाच.

साइट होती मोठ्यांसाठीच्या चावट गोष्टींची, अस्सल मराठीत, पैसे भरून वाचायची. ‘मोहिनी’ या नावाने त्या वसुधा लिहिते, हे जर्मनीतल्या अख्ख्या हेर्त्सोगेनआउराख गावात यामिनीखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, नवऱ्यालाही नाही. पण गेले दोन महिने दर गोष्ट तासाभरात एका फुकट चॅनलवर हजर होत होती. फुकट मिळतंय म्हटल्यावर पैसे कोण भरणार? वाचक निम्म्यावर आले होते. चोर सापडला नाही, तर महिनाअखेरीस साइटला कुलूप लागणार होतं.

म्हणून आज प्रत्येक वाचकाला जरा निराळी प्रत गेली होती. नायिका तीच, तिचे उद्योगही तेच. फक्त साडीचा रंग आणि पिशवीतली भाजी वेगळी.

“चॅनलवर आली बघ ताई,” यामिनी म्हणाली. “साडी जांभळी. पिशवीत पडवळ.”

वसुधा पुढे सरकली. चोराला काय काय सुनावायचं, ते तिने कधीचं जुळवून ठेवलं होतं. यामिनीचं बोट वाचकांच्या यादीवरून सरकत गेलं आणि थांबलं.

“प्रभा दिघे.”

म्हणजे सासूबाई. त्या पलीकडच्या खोलीतच होत्या.

“काकू भारतातून येऊन किती दिवस झाले गं?”

“दोन महिने.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” यामिनी म्हणाली.

एकट्या बाहेर पडल्या तर असू दे, म्हणून वसुधानेच त्यांना बँकेचं कार्ड दिलं होतं. ती तरातरा आत गेली, मागोमाग यामिनी.

“आई, त्या मोहिनीच्या गोष्टी तुम्ही पुढे पाठवता?”

सासूबाईंचा चेहरा पडला, पण क्षणभरच. “आमच्या भिशीच्या ग्रुपवर टाकते. चाळीस जणी आहेत. तिथून कोण कुठे धाडतं, मला काय ठाऊक?”

“अहो, पैसे भरून वाचायच्या असतात त्या.”

“भरतील की. पण पैसे गेल्याचा बँकेचा मेसेज जातो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या फोनवर. त्यात मोहिनीचं नाव दिसलं, तर घरात काय होईल? मला इथे कार्ड मिळालं म्हणून जमलं. तिकडे शुक्रवारी एकही जण मालिका लावत नाही, सगळ्या माझ्याकडे डोळे लावून बसतात.”

वसुधाचा राग कुठल्या कुठे पळाला. चाळीस जणी! एवढा आनंद तिला पहिला वाचक मिळाला तेव्हाही झाला नव्हता.

“आई, मोहिनी मीच आहे.”

सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. घरात तिघींखेरीज कुणी नव्हतं, तरी त्यांनी उठून दार लावलं, यामिनीला जवळ बसवलं आणि आवाज खाली आणला.

“मेसेजमध्ये नुसतं ‘लोणचं’ असं येऊ दे. चाळीसच्या चाळीस जणी भरतील, माझी हमी.” मग जरा विचार करून त्या म्हणाल्या, “पण दर महिन्याला लोणचंच नको, संशय येईल. एकदा पापड, एकदा शेवया.”