आईचा निरोप

गॅरेट फेलन आयर्लंड सोडून न्यूफाउंडलंडला आला आणि खारवलेल्या माशांचा मोठा व्यापारी झाला, त्याला एकवीस वर्षं झाली. मागे राहिलेल्या आईला लिहिता येत नव्हतं, आणि मनातलं दुसऱ्याकडून कागदावर उतरवून घेणं तिला पटत नव्हतं. म्हणून दर वसंतात गलबत सुटताना ती कुणा खलाशाकडून निरोप तोंडपाठ करून घ्यायची. मग एखादा दाढीवाला गडी वखारीत येऊन थेट तिच्या हेलात म्हणायचा, "छातीला लोकर बांधत जा रे, बाळा. तांबू गाय व्यायली." गॅरेट डोळे मिटून ऐकायचा.

पुढे सलग दोन वसंत निरोप आलाच नाही. कारण विचारायचा त्याला धीर झाला नाही.

तिसऱ्या वसंतात, धुक्याने बंदर गिळलेल्या एका सकाळी, वखारीच्या दारात त्याला डुलकी लागली होती.

"किती रे वाळलास!"

इतका हुबेहूब आवाज आजवर एकाही खलाशाला जमला नव्हता. "पुढे सांग," तो डोळे न उघडताच म्हणाला.

"पुढे काय सांगू! मेले अर्धं वाटेतच विसरतात. समुद्राची भीती मोडायला दोन वर्षं लागली मला. ऊठ, बोचकं घे हातातलं."