मागची सीट

सासरच्या सगळ्या फौजेला घेऊन राष्ट्रीय उद्यान बघायला निघालेल्या त्या अवाढव्य गाडीत तिची जागा शेवटची, पिशव्यांशेजारी. प्रत्येक थांब्यावर नवरा मागे न बघताच विचारायचा, "सगळे बसले का?" आणि मागून तीच सांगायची, "हो, चला."

पाणवठ्यापाशी सासूबाईंची विसरलेली शाल आणायला ती उतरली. परतते तोवर गाडी सुरू झालेली. हाक मारावीशी वाटली, पण ती मुद्दाम गप्प राहिली. आज उत्तर आलं नाही, म्हणजे तरी बायको आठवेल.

"सगळे बसले का?"

"हो, चला!" ती शाल घेऊन बाहेरच उभी असताना मागच्या सीटवरून तिचाच आवाज आला, खळखळून हसणारा.

नवऱ्याने पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं. तोही हसला, आणि गाडी निघाली.