घरी करणारं माणूस

"घरी करणारं कोण आहे?" डॉक्टरांनी विचारलं, आणि चंद्राच्या खाटेभोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाने आपापल्या मागे वळून पाहिलं.

मागे भिंत होती.

लकव्याने चंद्राची डावी बाजू लुळी पडली होती, जीभ जड झाली होती. पण जिवावरचं टळलं होतं. आता कूस कशी बदलायची, घास कसा भरवायचा, मोरीपर्यंत कसं न्यायचं, हे सिस्टर घरातल्या एका माणसाला शिकवणार आणि मग सुट्टी. माणसांना तोटा नव्हता. नवरा अनंता, थोरला हरेश, त्याची बायको वैशाली, धाकटा भावेश, शिवाय शेलारहून आलेले काका आणि मावशा. एवढा गोतावळा पाहून डॉक्टरांना बरं वाटलं होतं.

काही वर्षांपूर्वी अनंताला लकवा झाला होता, तेव्हा हा प्रश्न कुणी काढलाच नव्हता. चंद्रा उभी होती ना तिथे. सिस्टरने तिला न विचारता शिकवायला घेतलं. तिच्या हातून अनंता इतका सुधारला, की आता रोज संध्याकाळी चालत नाक्यावर जातो आणि पत्ते कुटतो. फक्त जेवल्यावर स्वतःचं ताट उचलण्याएवढी ताकद हाताला अजून आलेली नाही.

चर्चा सुरू झाली. हरेश म्हणाला, बाईमाणसाचं बाईमाणसानेच करावं, ते बरं दिसतं. अनंताने मान डोलावली. वैशाली म्हणाली, काल्हेरच्या गोडाऊनमध्ये माझी शिफ्ट असते. थोडे दिवस मी रजा काढते, थोडे दिवस ह्यांनी काढावी. हा विनोद समजून हरेश मनापासून हसला. अंबाडीला दिलेली लेक फोनवर म्हणाली, आईला माझ्याकडे आणा. तेव्हा मात्र दोघे भाऊ भडकले. दोन धडधाकट मुलगे असताना आई जावयाच्या दारात? गावात तोंड कसं दाखवायचं? तोंड वाचलं. आई खाटेवरच राहिली.

चंद्रा सगळं ऐकत होती. तिला घरची ओढ लागली होती. रोज सकाळी सिस्टर आली की ती जड जिभेने एवढंच विचारी, आज सोडताय काय?

शेवटी मोठ्या मावशीने मार्ग काढला. भावेशचं लग्न करा.

ते लग्न किती वर्षं अडलं होतं. घराचा वरचा मजला व्हायचा होता, पत्रिका जुळत नव्हती, नोकरी करणारी मुलगी तर नकोच होती. आता मजल्याचं पुढे बघू असं ठरलं, पत्रिका कुणी मागितली नाही, आणि मुलगी नर्सिंग केलेली मिळाली तर सोन्याहून पिवळं. अनंताने डॉक्टरांना गाठून सुट्टी जरा पुढे ढकलायला सांगितली; घरात लग्न निघालंय म्हणाला. डॉक्टरांनी अभिनंदन केलं आणि विचारलं, कुणाचं?

"करणाऱ्या माणसाचं," अनंता म्हणाला.

मेघाली मिळाली. नर्सिंग झालेली, ठाण्याला कामाला. रिवाजाप्रमाणे मुलाकडचे मुलीच्या घरी जातात. इथे मुलगीच आईला घेऊन वॉर्डात आली. पोह्यांच्या जागी कॅन्टीनचे समोसे आले, सोबत चहा. स्वयंपाक येतो का, हे कुणी विचारलं नाही. मावशी सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, चंद्राची पाठ अवघडली असेल, जरा बसवतेस का गं? मेघालीने पाठीमागे हात घालून चंद्राला अलगद उठवलं, उशी लावली, ओठांच्या कडेची लाळ पुसली. गोतावळ्यात समाधान पसरलं. काकांनी हळदीचा मुहूर्त काढला, हरेशने मांडववाल्याला फोन लावला. भावेशनेही मुलीकडे पाहून घेतलं. अनंताने आधी आपल्या रिकाम्या कपाकडे पाहिलं आणि मग मेघालीकडे.

मेघालीची आई धोरणी बाई. तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग आतापर्यंत जिला कुणी काहीच विचारलं नव्हतं, तिच्याकडे ती वळली.

"विहीणबाई, तुमचं काय म्हणणं?"

तिचं काय असणार, अनंता मध्येच म्हणाला, ती तर उद्याच घरी निघेल.

चंद्राने उजव्या हाताने मेघालीचं मनगट धरलं. आशीर्वाद ऐकायला सगळे पुढे झुकले. बराच वेळ तिची जीभ शब्द जुळवत राहिली.

"पोरगी चांगली हाय," ती एकेक शब्द सोडवत म्हणाली. "आमचे घरान देऊ नका."